एकेक वस्तू घराबाहेर

११ फेब्रुवारी, सकाळ

सीझन सुरू झाला. उठल्या उठल्या शिंका, थेट चहा गार होईपर्यंत. नाक गळतं, डोळे चुरचुरतात, टाळू आतून खाजवावीशी वाटते आणि तिथे बोट पोचत नाही. दरवर्षीचंच आहे. पण यंदा रडत बसायचं नाही, असं ठरवलं आहे. यंदा तपास करायचा. शास्त्रीय पद्धतीने.

पद्धत अशी. घरातली एक संशयित वस्तू बाहेर काढायची. शिंका थांबल्या तर तीच गुन्हेगार. नाही थांबल्या तर पुढची वस्तू बाहेर. इतक्या सोप्या गोष्टीची डॉक्टर लोक फी का घेतात, कळत नाही.

पहिला संशय अर्थातच बाल्कनीवर. तिथे हिच्या कुंड्या आहेत. गुलाब, शेवंती, जरबेरा आणि मला नावं माहीत नसलेली बरीच मंडळी. फूल आलं की पराग आले, पराग आले की शिंक आली. चहा पिताना हे बायकोला समजावून सांगितलं. ही म्हणाली, तुमच्या पलंगाखाली मासिकांचे गठ्ठे आहेत, त्यांच्यावरची धूळ एकदा बघा.

विषय काय, ही बोलते काय. ती मासिकं चष्म्याच्या धंद्यावरची आहेत, नोकरीला लागलो तेव्हापासून जमवलेली. निवृत्त झाल्यावर मी जो ग्रंथ लिहिणार आहे त्याचं ते संदर्भसाहित्य आहे. त्यांना कोणी हात लावायचा नाही, झाडूही नाही, हा आमच्या घरातला जुना करार आहे. मी तो आजवर काटेकोर पाळला आहे.

१२ फेब्रुवारी

दुकानात छोटा अपघात. नवा चष्मा करायचा तर गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. पट्टी घेऊन अगदी नाकासमोर नाक आणून उभं राहायचं. आज समोर एक वकीलबाई होत्या. त्यांनी श्वास रोखून धरला होता. मला रोखता आला नाही. बाईंनी पर्समधून रुमाल काढला, चेहरा पुसला, मग माझी पट्टीही पुसून मला परत दिली. सभ्य बाई. मालक तितके सभ्य नाहीत. सीझन संपेपर्यंत मागच्या खोलीत काचा घासायच्या मशीनवर बसा, म्हणाले.

शांतपणे विचार केला तर ही बढतीच आहे. काउंटरवर काय, कोणीही हसत उभं राहतं. काच फ्रेममध्ये बसते ती मागच्या खोलीत.

संध्याकाळी हिला बातमी दिली. बरं झालं, म्हणाली. कपाळाला बाम चोळत होती. हिचं डोकं रोज संध्याकाळी दुखतं, ही फार जुनी गोष्ट आहे. मी घरी आलो की साधारण अर्ध्या तासात सुरू होतं. दिवसभराचा शीण, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी

झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळच्या कुंड्या बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला हलवल्या. म्हणजे हिने हलवल्या. मी जागा दाखवली. मी वाकलो की नाक चोंदतं.

फरक जाणवतो आहे.

१६ फेब्रुवारी

फरक जाणवत नाही.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

एअर प्युरिफायर आणला. हवा आत ओढतो, गाळतो, बाहेर सोडतो. पलंगाशेजारी, माझ्या उशाकडे ठेवला. प्लग लावला, हिरवा दिवा लागला, काम झालं. ही सोबतची माहितीपुस्तिका उघडून बसली होती. ती तिच्या हातातून घेतली, खोक्यात टाकली आणि खोकं माळ्यावर. ज्याच्या बोटांना काचेची केसाएवढी चूक कळते, त्याला एक पंखा चालू करायला पुस्तिका लागत नाही.

आणि काय सांगावं. हवा बदलली, ताबडतोब. डोंगरमाथ्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. छातीत थंडगार काहीतरी उतरलं. हिला विचारलं, जाणवतंय का. ही म्हणाली, आवाज जाणवतोय.

नवा नियम: मशीन चालू असताना खिडक्या उघडायच्या नाहीत. मशीन कायम चालू राहील. कपडे आतल्या खोलीत वाळतील.

२२ फेब्रुवारी

शिंका पूर्वीपेक्षा जास्त. रात्री तर विशेष. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. एवढं मशीन उशाशी राबत असताना ही अवस्था, तर बाल्कनीतून होणारा फुलांचा मारा किती जबरदस्त असेल.

निर्णय घेतला. कुंड्या घरातून बाहेर. टाकून द्यायच्या नाहीत, मी काही राक्षस नाही. मेहुणीकडे पाठवायच्या. तिचं घर गावाबाहेर आहे, बैठं, पुढे मोकळी जमीन. झाडांचं भलंच होईल, असं हिला समजावलं. ही बाल्कनीच्या दारापर्यंत जाऊन आली. मग म्हणाली, आईचा गुलाबसुद्धा?

हा गुलाब हिच्या आईच्या अंगणातल्या झाडाची फांदी. ते घर विकलं त्या दिवशी बाकी भावंडांनी भांडी नेली, कपाटं नेली. हिने ओल्या फडक्यात गुंडाळून ही एक काडी मांडीवर ठेवून आणली होती. मी मोठ्या मनाने म्हटलं, तो राहू दे. त्यावर ही माझ्याकडे बघून थँक यू म्हणाली. घरात कोणी कोणाला थँक यू म्हणतं का? जरा विचित्र वाटलं.

२५ फेब्रुवारी

साडू गाडी घेऊन आले. साडू बोलत नाहीत. सकाळी फिरायला जातात, स्वतःचा कप स्वतः धुतात आणि दोन्हीपैकी काहीही कोणाला सांगत नाहीत. त्यामुळे दोघी बहिणींमध्ये त्यांचा भाव उगाच वाढलेला आहे. त्यांनी मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली, कुंड्या एकेक करून उतरवल्या, मोठ्या शेवंतीला चक्क सीटबेल्ट लावला. ही जिन्यातून वरखाली करत कोणाला किती पाणी, कोणाला ऊन, कोणाला सावली ते सांगत होती. ते मान डोलवत होते. मी गाडीचं दार धरून उभा होतो. कोणीतरी धरायलाच हवं.

बाल्कनी आता कशी मोकळी मोकळी झाली आहे. फरशीवर कुंड्यांचे गोल डाग राहिले आहेत तेवढे. हिने घासून पाहिले, निघत नाहीत.

२८ फेब्रुवारी

संकल्प: मोकळ्या बाल्कनीत पहाटे प्राणायाम. उद्यापासून. (बाल्कनीचं दार उघडलं की बाहेरची हवा आत येते. आधी त्यावर तोडगा काढणे.)

ही पूर्वी सकाळचा चहा बाल्कनीत घ्यायची. कुंड्यांच्या मधोमध स्टूल, एका हातात कप, दुसऱ्या हाताने वाळकी पानं खुडायची. चहा संपला तरी बसून राहायची. आता स्वयंपाकघरातल्या सिंकजवळ उभ्याउभ्याच पिते. पटकन संपतो. वेळ केवढा वाचतो.

३ मार्च

शिंकांचा कळस. मागच्या खोलीत काच घासताना शिंकलो आणि काच हातातून उडाली. मालकांनी दार लोटून घेतलं, बाहेरून.

बाल्कनीत आता एकच संशयित शिल्लक आहे. एकटा आहे म्हणून निर्दोष ठरत नाही. उलट सगळा भार आता त्याच्यावरच येतो. हे हिला शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं. मला वाटलं वाद होईल, मी मुद्दे काढून ठेवले होते. वाद झालाच नाही. ही उठली, फडकं ओलं केलं, कुंडीभोवती गुंडाळलं आणि चपला घातल्या. साडूंना बोलावतो, म्हटलं. नको म्हणाली. कुंडी मांडीवर घेऊन बसने गेली.

हिच्यात समजूतदारपणा वाढतो आहे. वयानुसार येतो.

रात्री फोन आला की उशीर झालाय, इथेच राहते.

४ मार्च

ही आजही आली नाही. गुलाबाला नवी जागा मानवेपर्यंत लक्ष ठेवावं लागतं म्हणे. ठेवावं. मला काय अडचण असणार. उलट पूर्ण घर आता एका शास्त्रीय मनाच्या ताब्यात आहे. घरकामाचं वेळापत्रक लिहून फ्रिजला चिकटवलं. सकाळी केर, मग फरशी, मग भांडी, मग दुकान. संध्याकाळी कपडे, स्वयंपाक, वाचन. बायका या कामांचा एवढा बाऊ का करतात?

५ मार्च

केर काढला. कोरड्या झाडूने, दणकून. सूर्याच्या तिरिपेत धूळ छान दिसत होती, सगळी उठून वर आली होती. म्हणजे जमिनीवर राहिली नाही. नंतर शिंकून शिंकून कंबर धरली, ते बाहेरच्या एखाद्या झाडाला मोहर आल्यामुळे असावं. फरशी पुसायचं उद्यावर ढकललं. भांडी परवावर.

७ मार्च

मास्क धुतले. धुण्याच्या मशीनमध्ये कोणीतरी लाल मोजे टाकले होते. घरात मी एकटाच आहे, तेव्हा कोणी टाकले यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. सगळे मास्क गुलाबी झाले. गुलाबी मास्क लावून दुकानात गेलो. मालक म्हणाले, तुम्हाला शोभतो. त्यांना सौंदर्यदृष्टी आहे, हे प्रथमच लक्षात आलं.

संध्याकाळी घर फार शांत होतं. मशीनचा आवाज सोबतीला होता. करमेना म्हणून पलंगाखालून एक जुना गठ्ठा ओढला आणि भिंगांवरचा एक लेख वाचायला घेतला. काय लेख आहे, अजून ताजा. अर्ध्यावर आलो आणि शिंकांचा असा झटका आला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बंद खिडकीतूनही पराग येतात हे आज कळलं. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावणे.

१० मार्च

मुलगी दुसऱ्या शहरात असते, तिचा फोन. आई कुठे आहे, असं न विचारता तिने थेट विचारलं, तुम्ही जेवलात का. म्हणजे हिच्याकडून बातम्या पोचतात. अॅलर्जीच्या डॉक्टरांची वेळ तिनेच घेऊन ठेवली होती. लेकीचं मन मोडवत नाही म्हणून गेलो.

हातावर पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेवर एकेका गोष्टीच्या अर्काचा थेंब टाकतात, सुईने टोचतात आणि वाट बघतात. जिथे गांध उठेल तो गुन्हेगार. म्हणजे माझीच पद्धत, फक्त हाताला त्रास. फुलं, गवत, झाडं, सगळीकडे सपाट. घरातली धूळ असं लिहिलेल्या जागी मात्र चांगला रुपयाएवढा फुगा आला. डॉक्टर म्हणाले, तुमचा फुलांशी काही झगडा नाही, धुळीतले सूक्ष्म किडे आहेत. मी त्यांच्या लक्षात आणून दिलं की नर्सने त्या ठिकाणी सुई जरा जास्त दाबली होती. डॉक्टरांनी विचारलं, पलंगाखाली काय ठेवता?

माझ्या पलंगाखाली काय आहे यात सगळ्या जगाला एवढा रस का, कळत नाही.

११ मार्च

हिचा फोन. कसं काय, वगैरे. मग सहज विचारल्यासारखं, फुलं काय म्हणाली?

लेकीने सांगितलं असणार. मी म्हटलं, रिपोर्ट संमिश्र आहे. बोलताना शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. फोनवर दिसत नाही हे नंतर लक्षात आलं.

१४ मार्च

ही आली होती. दुपारी, मी दुकानात असताना. काही सुती कपडे घेऊन गेली, रोजच्या वापरातले. ओट्यावर जेवण झाकून ठेवलं होतं. भांडी घासलेली, बाल्कनीतले डाग पुन्हा एकदा घासून पाहिलेले. पण निघालेच नाहीत.

बामची डबी मात्र विसरून गेली. ती नेहमी उशाशी लागते हिला. फोन करून विचारलं, पाठवू का, डोकं दुखत असेल. ही म्हणाली, राहू दे, लागली तर सांगीन.

१५ मार्च

संकल्प: उद्या पलंगाखाली एकदा नजर टाकणे. नजरच फक्त.

१६ मार्च

पाहुणे येणार असल्यासारखी आवराआवर होईल, नको. ग्रंथाच्या दृष्टीने गठ्ठ्यांचा क्रम बिघडता कामा नये.

१८ मार्च

आज एक फार वाईट बातमी. माती उकरताना हिचा चष्मा फुटला. ही गोष्ट वाईट नाही, चष्मे फुटतात, आमचं पोट त्यावरच आहे. वाईट हे की हिने तिथल्या कुठल्याशा दुकानातून नवा करून घेतला. हे मला फोनवर सांगितलं, तेही जाता जाता. साखर संपली हे सांगावं तसं.

मी चष्म्याच्या दुकानातला माणूस. आमची पहिली भेटही दुकानातच झाली. ही आपल्या वडिलांबरोबर आली होती, मी पट्टी घेऊन समोर उभा राहिलो होतो. एकसष्ट मिलिमीटर. हिचा वाढदिवस मी कैकदा विसरलो आहे, हे अंतर कधीच विसरलो नाही. त्यानंतर हिच्या नाकावर जो चष्मा बसला तो माझ्या हातचा. पहिला, वाचायचा, दोन्ही नंबरांचा, सगळे.

आता कोणा परक्या माणसाने नाकासमोर नाक नेऊन अंतर मोजलं. फ्रेम कसली विचारली तर म्हणाली, हलकी आहे.

अर्थात तातडीची गरज होती. चष्म्याशिवाय कसं चालणार? दुसरं काही कारण असायचं कारण नाही. इकडे यायला बसने फार वेळ लागतो, ऊन आहे, गुलाब आहे. आज काच कापताना हात चुकला. शिंक आली नव्हती. येणार होती बहुतेक.

२१ मार्च, सकाळ

मशीनचा हिरवा दिवा जाऊन लाल लागला. फिल्टर बदलण्याची वेळ झाली असा त्याचा अर्थ, हे झाकणावरच लिहिलं आहे, पुस्तिका लागत नाही. झाकण आज पहिल्यांदाच उघडलं. किती घाण अडकली असेल ते बघायची उत्सुकता होती. हिला फोटो पाठवायचा विचार होता.

फिल्टर पांढराशुभ्र. प्लॅस्टिकच्या पिशवीत, सील केलेला. वर ठळक अक्षरात: वापरण्यापूर्वी ही पिशवी काढावी.

दुपार

शक्यता अशी आहे की प्लॅस्टिकला अतिसूक्ष्म छिद्रं असावीत. कंपनीने विचार केल्याशिवाय पिशवी आत ठेवली नसणार.

संध्याकाळ

पिशवीला तोंड लावून फुंकर मारून पाहिली. छिद्रं नाहीत.

म्हणजे गेला महिनाभर मशीनने गाळलं काहीच नाही. पलंगाखालची हवा ओढायची आणि माझ्या तोंडावर मारायची, एवढंच केलं. आणि मी डोंगरमाथ्यावर उभा होतो.

हे कोणाला सांगण्याची गरज नाही.

२३ मार्च, रविवार

मेहुणीकडे गेलो. हिला आणि कुंड्यांना घेऊन यायचं, असं ठरवून. बसमध्ये बोलायची वाक्यं तयार केली होती: तपासात काही नवे मुद्दे पुढे आले आहेत, त्या अनुषंगाने कुंड्यांना तात्पुरती परवानगी देता येईल. वगैरे.

फाटकातून आत शिरलो आणि थबकलो. आमच्या सगळ्या कुंड्यांतली झाडं जमिनीत लावलेली. इतकी फुलं मी एका ठिकाणी पाहिली नव्हती. रिकाम्या कुंड्या भिंतीशी उपड्या घालून ठेवल्या होत्या. ही गुडघ्यावर बसून माती सारखी करत होती. वर बघून म्हणाली, अरे, आलात? बसा. तिथेच, फुलांमध्ये, खुर्ची दिली.

दुपारभर बसलो. मधमाशा माझ्या कानाजवळून जात होत्या. एकदाही शिंक आली नाही. सगळ्यांच्या लक्षात आलं. नाटकी का होईना, एक तरी शिंक द्यावी म्हणून मी प्रयत्न केला, पण नुसताच खोकला आला.

नवा चष्मा पाहिला. फ्रेम बरी आहे, काचही बरी आहे. हे लिहिताना त्रास होतो पण खोटं का लिहा. फक्त काड्या सैल होत्या. ही खाली वाकली की नाकावरून घसरत होता. मला बघवेना. म्हटलं, दे इकडे. काड्या हाताने तापवल्या, कानामागचा बाक जरा वाढवला, हिच्या डोळ्यांवर बसवून पाहिला, परत काढला, परत बसवला. ही डोळे मिटून उभी होती. लग्नाआधी उभी होती तशीच. बसला आता, म्हणाली. मी म्हटलं, बसणारच.

मग साडूंनी विचारलं, मशीन कसं चाललंय. इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी उत्तम म्हणून मोकळा झालो असतो. पण ही बघत होती, माझ्याच हाताने घट्ट केलेल्या चष्म्यातून, आणि माझ्या तोंडून पिशवीचं सगळं निघून गेलं. ही हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलेपर्यंत, मग बहिणीच्या अंगावर रेलून, डोळे पुसत. किती दिवसांनी पाहिलं हिला असं हसताना. साडू कप धुवायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तेवढ्यात मेहुणी बोलून गेली, आणि हिचं डोकं बघा ना, इथे आल्यापासून एकदाही दुखलं नाही. ही म्हणाली, हवापालट झाला की होतं असं.

निघताना विचारलं, कधी येतेस? ही म्हणाली, विचार केला नाही अजून. झाडं तरी पाठव, म्हटलं. आता मुळं जमिनीत गेलीत, म्हणाली, या उन्हात उपटली तर जगायची नाहीत. गुलाबाला पहिली कळी आली आहे, ती उमलू दे.

फाटकापर्यंत सोडायला आली होती.

२६ मार्च

सुट्टी काढली. पलंगाखालून सगळे गठ्ठे बाहेर ओढले. नाकावर ओला रुमाल, त्यावर गुलाबी मास्क. धुळीचा थर असा की त्यावर बोटाने नाव लिहिता आलं असतं. रद्दीवाल्याला बोलावलं. तो गठ्ठे उचलायला लागला तेव्हा एकदा वाटलं थांबवावं, भिंगांवरचा तो लेख तरी कापून घ्यावा. त्याने विचारलं, हे कोणी वाचतं का हो? मी म्हटलं, ने.

गठ्ठ्यांबरोबर ग्रंथही गेला. तसा तो आलाच कुठे होता.

ओल्या फडक्याने सगळी खोली पुसली. पलंगाखाली सरपटत गेलो. गादी उन्हात, पडदे धुतले, खिडक्या उघडल्या, मशीन बंद.

२८ मार्च

शिंक नाही. काल नाही, आज नाही. नाकातून हवा सरळ आत जाते, विसरलोच होतो कशी जाते ती. मालकांनी काउंटरवर परत घेतलं. तपास यशस्वी.

हिला फोन करून सांगितलं, शिंका थांबल्या. बरं झालं, म्हणाली. मनापासून म्हणाली. जेवलात का विचारलं, हो म्हटलं. कळी उमलली का विचारलं, उमलतेय म्हणाली.

३० मार्च, संध्याकाळ

बाल्कनीत हिच्या स्टुलावर बसून चहा घेतला. चहा संपला तरी बसून राहिलो. भोवती ते गोल डाग. घर स्वच्छ आहे, इतकं की बोललं तर आवाज घुमतो. म्हणून बोललो नाही. तसंही ऐकायला कोण आहे.

बसल्या बसल्या माझी पद्धत पुन्हा पहिल्यापासून तपासली. पद्धतीत खोट नाही. एक वस्तू दूर करायची, त्रास थांबला तर तीच गुन्हेगार. मी कुंड्या काढल्या, गुलाब काढला, शिंका थांबल्या नाहीत. मासिकं काढली, थांबल्या. इथवर सगळं बरोबर.

पण हिनेही तेच केलं आहे, न सांगता, काही न लिहिता. हिचं डोकं वर्षानुवर्षं संध्याकाळी दुखायचं, मी घरी आलो की अर्ध्या तासाने. हिने घर सोडलं, स्वयंपाकघर सोडलं, बाम सोडला. तिकडे घर आहे, स्वयंपाकघर आहे, झाडं तर सगळी तीच आहेत. मग तिकडे नाही असं नेमकं काय आहे? बोटावर मोजत बसलो. दुसऱ्या बोटाची गरज पडली नाही.

शास्त्र म्हणजे शास्त्र. मला वाईट वाटलं. फारच वाटलं. उगाच नाकावर रुमाल धरून बसलो, शिंक नसताना.

मग उठून फडकं ओलं केलं. कशासाठी केलं ते कळेना, परत वाळत घातलं. मालकांना उद्याची रजा कळवली. बामची डबी खिशात घेतली, लागली तर असू दे. या घरातून बाहेर काढायचं असं आता एकच उरलं आहे. ते उद्या सकाळच्या बसने मेहुणीकडे पोचवतो. ऊन फार आहे, माती अनोळखी आहे, पण कोपऱ्यात थोडी जागा दिली आणि कमी बोललं तर बघू.

रुजलं तर रुजलं.